नोबुएसानचं अर्धं वाक्य

हिनोसेला सरकारी कागदावर शहर म्हणतात. म्हणोत बापडे. पूर्वेला ओदाके डोंगर, पश्चिमेला कोदाके, आणि मधल्या चिंचोळ्या दरीत सगळ्यांचे संसार. इथे एक शब्द मोठ्याने बोला, दोन्ही डोंगर तो आळीपाळीने चघळून परत देतात. नवराबायको भांडायची झाली तर खिडक्या लावून भांडतात.

अशा ठिकाणी नगरपालिकेच्या कर्ण्यावरून बोलणं हे सोम्यागोम्याचं काम नव्हे. ते नोबुए आरुगाचं काम. अस्वल दिसलं, पाणी जाणार आहे, कुणाचे आजोबा फिरायला गेले ते परतलेच नाहीत, सगळं खांबाखांबावरच्या कर्ण्यांतून तिच्या आवाजात दरीला कळायचं. पहिल्याच दिवशी तिने गुपित हेरलं होतं: दोन शब्द बोलायचे, थांबायचं, डोंगरांचं बोलून होऊ द्यायचं, मग पुढचे दोन शब्द. घाई केली की सगळ्याची खिचडी.

पण जित्याची खोड म्हणतात ती काय उगाच? ऐन तारुण्यात लागलेली ही सवय साठी उलटली तरी तिला कचेरीत ठेवून घरी येता येईना. मासळीच्या दुकानात ती म्हणायची, "मला बांगडा..." आणि थांबायची. मग "नको आज," म्हणेपर्यंत दुकानदाराने बांगडा कागदात गुंडाळलेला असे. भिडस्त बाई, मुकाट्याने घेऊन यायची. तिने लग्न केलं नाही त्याचं कारणही गाव हेच सांगे, की मुली बघायला येणारे लोक शेवटच्या आगगाडीने परत जातात तरी हिचं नाव सांगून व्हायचं असतं. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार?

त्या शरदात तिने घरातल्या तातामी, म्हणजे जमिनीवरच्या जाड गवती चटया, नव्याने मढवायला किसाकु मोमोसेला बोलावलं. किसाकु सत्तरीचा, विधुर, काटक. चटई शिवताना दोरा उजव्या कोपराने दाबून ओढायचा, त्यामुळे कोपराला हा एवढा घट्टा. काम दोन दिवसांचं, पण त्याने ते आठवडाभर पुरवलं आणि नोबुएनेही घाई केली नाही. दुपारी ती सोबाच्या शेवया वाढायची. तिसरा वाडगा तो नको नको म्हणायचा, नजर मात्र पातेल्यावर.

शेवटच्या दिवशी चहा पिताना तो नव्याकोऱ्या चटईकडे बघत म्हणाला, "नोबुएसान, माझ्या घरच्या चटया दोघांना पुरतील एवढ्या आहेत."

नोबुएच्या कानशिलांत ढोल वाजायला लागले. ती म्हणाली, "ह्या वयात..."

आणि थांबली. सवय! त्या एवढ्याशा खोलीत कसला आलाय प्रतिध्वनी, पण ती आपली थांबली.

किसाकुने कप खाली ठेवला. "खरं आहे तुमचं. मीच मेला वेडा," असं म्हणून कमरेत वाकून नमस्कार केला, हत्यारांची पेटी उचलली आणि गेलासुद्धा. वाक्याचा उरलेला अर्धा भाग नोबुएने चटईला ऐकवला.

नंतर तिने कितीदा तरी फोन हातात घेतला. पण पुढचं अर्धं सांगायचं तर आधीचं अर्धं पुन्हा म्हणावं लागणार, आणि तेवढ्यावरच तो फोन ठेवणार. तिने आपली फोनचीच धूळ पुसली.

असे काही दिवस गेले, आणि एका दुपारी किसाकुची सून युकिनो नगरपालिकेत धापा टाकत आली.

"बाबा सकाळपासून नाहीत हो! अळंबी आणायला जातो म्हणाले आणि टोपली घरीच! फोन घरी, डबा घरी. आठवडाभर नुसतं भिंतीकडे बघत बसले होते. विचारलं तर म्हणतात, गवत यंदा ओलं आहे."

कोदाकेच्या पायथ्याला अस्वल दिसल्याचं आदल्याच दिवशी नोबुएने स्वतः सांगितलं होतं. विभागप्रमुख कोमागातासाहेबांनी वर्णन लिहून दिलं. हरवलेल्याचं नाव सांगायचं नाही, अशी रीत. ती माईकपुढे बसली.

"नगरपालिकेकडून... सूचना. सत्तर वर्षांचे गृहस्थ... सकाळपासून घरी नाहीत. निळी टोपी... करडं जाकीट."

संपलं. एवढंच लिहिलं होतं. डोंगर "जाकीट, जाकीट" करत राहिले. निळी टोपी काय, निम्म्या हिनोसेच्या डोक्यावर आहे! एवढ्यावर तो कुणाला सापडणार? आणि नोबुएचं तोंड आपोआप पुढे चालू लागलं.

"उजव्या कोपराला... घट्टा आहे. हसताना... डावा डोळा आधी मिटतो."

कोमागातासाहेबांनी मान वर केली.

"तिसरा वाडगा... नको म्हणतात. म्हणू द्यावं... आणि वाढावा."

"नोबुएसान!" साहेब कुजबुजले. "अहो, हे कुठे लिहिलंय?"

पुढची हकिकत तिला नंतर कळली, तीही अनेकांकडून, म्हणजे दर वेळी थोडी वाढूनच. किसाकु अळंबीला गेलाच नव्हता. तो दरीच्या वरच्या टोकाला गरम पाण्याच्या सार्वजनिक न्हाणीघरात गळ्यापर्यंत बुडून बसला होता. टोपी, जाकीट तिथल्या कपड्यांच्या टोपलीत, आणि सगळेच उघडे. निळ्या टोपीवर तिथे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पण कोपर म्हणताच साऱ्या म्हाताऱ्यांनी आपापली कोपरं पाण्याबाहेर काढून तपासली. डोळ्याचं ऐकल्यावर किसाकुला हसू फुटलं, आणि मेला डावा डोळाच आधी मिटला.

"हाच! हाच तो!" बांगडेवाला मासळीविक्या ओरडला. "काय रे चोरा, कोपर बाईंना कसं ठाऊक?"

फोन आला. "सापडला! लालबुंद झालाय, पाण्याने की कशाने, ते देव जाणे!"

युकिनो तिथेच रडली, मग हसली, मग नोबुएकडे टक लावून बघत राहिली. माणूस सापडला की तेही कर्ण्यावरून कळवायचं, ही दुसरी रीत. साहेबांनी हात जोडले. "कृपा करून लिहिलेलंच वाचा."

"मघाशी सांगितलेले गृहस्थ... सुखरूप सापडले आहेत. सहकार्याबद्दल... आभार."

साहेबांनी बटणाकडे हात नेला. युकिनोने तो हात धरला.

"त्यांना... एक निरोप आहे," नोबुए म्हणाली. या वेळी थांबायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. "ह्या वयात..."

आणि अर्थातच थांबली.

ओदाके म्हणाला, ह्या वयात. कोदाके म्हणाला, ह्या वयात. बायकांनी चुली बारीक केल्या. न्हाणीघरात किसाकुचा चेहरा पडला. तो पाण्यातून उठायला लागला, तोच मासळीविक्याने त्याला घट्ट्याच्या कोपराला धरून खाली ओढलं.

"बस रे बाबा! आयुष्यभर बांगडे विकलेत मी तिला! बाईचं वाक्य संपलं नाहीये अजून!"

"...वाट कसली बघायची?" कर्णा म्हणाला.

डोंगरांनी विचारलं, बघायची? बघायची? आणि दरीभर जो हशा आणि टाळ्यांचा कल्लोळ उसळला तो दोन्ही डोंगरांना काही आवरेना.

थोड्या वेळाने नगरपालिकेच्या खिडकीखाली किसाकु उभा होता. न्हाणीघराचा झगा अंगावर, पायांत कुणाच्या तरी चपला, केसांतून पाणी गळतंय. तिथवर पळत आला होता बहुतेक. गल्लीभर माणसं आपल्याला काही ऐकू येत नाही असा चेहरा करून उभी.

"नोबुएसान," तो वर बघून म्हणाला, "संपलं का वाक्य? की अजून आहे?"

नोबुए खिडकीतून अर्धी बाहेर वाकली.

"संपलं हो संपलं आणि आता तिथे काय उभे राहिलात वर या आधी ते डोकं पुसा ओल्या केसांनी तापबीप भरला तर मलाच सगळ्या गावाला सांगत बसावं लागेल आणि सोबा टाकलाय म्हणून समजा!"

सगळं एका दमात. गल्ली आ वासून बघत राहिली, आणि किसाकुचा डावा डोळा मिटला.