पांढरं इंजेक्शन

“कोणतं इंजेक्शन सोसलं नव्हतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“पांढरं,” मी म्हणाले.

डॉक्टर हसले. दार उघडंच होतं, बाहेर खुर्च्यांवर बसलेली माणसंही हसली. कंपाउंडर म्हणाला, “पांढरं म्हणे! उद्या म्हणेल, गोल गोळी सोसत नाही.”

माझा नवरा स्टुलावर बसला होता. पाय सुजून टम्म. तोही हसला. सगळे हसतायत, आपण नाही हसलो तर डॉक्टर रागावतील, म्हणून हसला. ते हसणं मला अजून दिसतं.

दवाखाना चिंचवडातला. आमचा नव्हता. मी एका इंजिनिअरांकडे धुणंभांडी करायचे, त्यांच्या घरचा. इंजिनिअरांची बायको, माझ्या वहिनी, ‘आमचे डॉक्टर’ म्हणायच्या. ते स्कूटरवरून घरी यायचे, बॅग टेबलावर ठेवून चहा घ्यायचे. थोरल्याचे टॉन्सिल, धाकटीचा दमा, आजोबांना कुठली गोळी चालत नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. वहिनी बी. ए. झालेल्या, पण आजारपणातलं काही लक्षात ठेवायची त्यांना गरजच नव्हती. त्यासाठी डॉक्टर होते.

आम्ही महाळुंग्याहून आलेलो. मी चौथी पास, नवरा शाळेत गेलेलाच नाही. कासारवाडीला रुळाच्या कडेला खोली. तो कंत्राटदाराकडे पत्र्याचं भंगार भरायला जायचा. ताप आला की जो दवाखाना उघडा दिसेल तो आपला. गुण नाही आला की दुसरा. आमच्यात औषधाचं नाव कुणी काढत नसे. हाताचं काढायचे. अमक्याच्या हाताला गुण आहे, तमक्याचा हात वाईट.

आदल्या वर्षी नवऱ्याला काखेत गळू झालं होतं. पिंपरीच्या एका दवाखान्यात इंजेक्शन दिलं. आम्ही दारापर्यंत पोचलो नाही तोच अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घेता येईना. डॉक्टर धावले, दुसरी सुई टोचली. वाचला.

“हे इंजेक्शन याला परत कधी द्यायचं नाही,” ते म्हणाले.

“नाव काय त्याचं?” मी विचारलं.

“नाव घेऊन तू काय करणार? घरी ने त्याला, झोपू दे.”

मी नेलं. काय करणार होते?

खोलीवर आल्यावर नवरा म्हणाला, “त्या डाक्टरचा हातच वाईट हाय. परत तिथं पाय ठेवायचा न्हाई.” नाही ठेवला. डॉक्टर सुटला म्हणजे धोकाही सुटला, अशी त्याची समजूत. हात वेगळा आणि हातातलं औषध वेगळं, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

मग पत्र्यानं पाय कापला आणि चिघळला. वहिनींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्ही लोक सारखे डॉक्टर बदलता ना, तिथंच चुकतं. एक डॉक्टर धरावा माणसानं. आमच्या डॉक्टरांकडे जा, माझं नाव सांग.”

सल्ला बरोबर होता. पण डॉक्टर आपण धरायचा म्हटला, तरी त्यानंही आपल्याला धरावं लागतं. ते वहिनींना ठाऊक नव्हतं. त्यांना कधी कुणी सोडलंच नव्हतं.

आम्ही गेलो. औषधासाठी रिकामी बाटली घासून घेतली होती. खुर्चीवर टेकतोय तोच कंपाउंडर म्हणाला, “ए बाई, ऊठ. खुर्च्या पेशंटसाठी आहेत.”

“आमी बी पेशंटच हाय की,” नवरा म्हणाला.

“तुम्ही तिकडं. पायरीवर.”

पायरीवर बसलो. मागून आलेले पुढे गेले. शेवटी आत गेल्यावर मी वहिनींचं नाव सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा खुलला. “अच्छा, त्यांच्याकडची का तू? धाकटीची धाप कशी आहे आता?” मी सांगितलं. मग आजोबांची चौकशी केली. तेही सांगितलं. समोर पाय धरून बसलेल्या माणसाचं नाव त्यांनी विचारलं नाही.

मीच म्हणाले, याला एक इंजेक्शन सोसत नाही. त्यावर तो प्रश्न. त्यावर माझं ‘पांढरं’. त्यावर ते हसणं.

“तुमच्यात ज्याला त्याला चक्कर येते आणि जो तो म्हणतो इंजेक्शन सोसलं नाही,” डॉक्टर म्हणाले. “उपाशीपोटी येता, दुसरं काय!”

कंपाउंडरनं रबराच्या बुचाची छोटी बाटली काढली. आत पांढरी पूड. सुईनं त्यात पाणी सोडलं आणि बाटली दोन्ही तळहातांत धरून घुसळली. पिंपरीलाही तशीच घुसळली होती.

“हेच ते,” मी म्हणाले. “असंच हलवलं हुतं.”

“सगळ्या पुडी अशाच हलवतात, बाई. बाजूला हो.”

मी नवऱ्याची बाही धरली. त्यानं माझा हात काढून टाकला. “गप ग. मोठ्या घरचा डाक्टर हाय. ह्याचा हात चांगला हाय.” आणि स्वतःच दंड उघडा करून पुढे केला.

मी बाजूला झाले. ओरडायला माझ्याकडे नाव नव्हतं.

पायरी उतरता उतरता तो खाली बसला. त्याच गांधी, तेच ओठ. डॉक्टर धावले, ते मी नाकारत नाही. उचलून टेबलावर घेतलं, सुया दिल्या, छाती दाबली, गालावर चापट्या मारल्या. “नाव काय याचं? नाव सांग, नाव!” तेव्हा पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. त्यांनी त्याला नावानं हाका मारल्या. तो गेला होता.

नवऱ्याचे दिवस झाल्यावर मी परत त्या दवाखान्यात गेले. डॉक्टर नव्हते. कंपाउंडरला म्हटलं, काय दिलं होतं ते सांग. तो खाली बघत म्हणाला, “पेनिसिलिन.” तिथून चालत पिंपरीला गेले. तिथल्या खिडकीतही जुनी वही बघून तेच उत्तर. एवढंसं नाव. मला म्हणता आलं. नवऱ्यालाही आलं असतं.

वहिनी म्हणाल्या, “तुझं नशीब गं.” पुढच्या आठवड्यात डॉक्टर त्यांच्याकडे आले. माझ्याकडे बघून चहात बघू लागले. त्यांचा कप मी धुतला, पालथा घातला आणि काम सोडलं. मग एका कारखान्यात पॅकिंगला लागले. संध्याकाळी बायकांच्या वर्गाला जाऊ लागले. लिहायला नीट शिकले ती तिथं.

आमचा म्हणावा असा डॉक्टर मला आजही नाही. वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात दर खेपेला नवा चेहरा असतो. परवा शेजारच्या हमीदाभाभीच्या मुलीला ताप होता, म्हणून बरोबर गेले. डॉक्टर तरुण, घाईत. सुई भरून पुढे झाले. मी मुलीच्या दंडावर हात ठेवला.

“काय आहे ते? नाव सांगा.”

“बाई, मागं रांग आहे. नाव घेऊन काय करणार? शिकलेल्या आहेत का या?”

“नाहीत,” मी म्हणाले. “म्हणूनच हवंय. शिकलेल्यांचं तुम्ही लक्षात ठेवता. आमचं आम्हालाच ठेवावं लागतं.”

हमीदाभाभी माझा पदर ओढत कुजबुजली, “जाने दो ना, ताई. डॉक्टर गुस्सा होंगे.”

“होऊ देत.”

मी हात काढला नाही. रांगेतून कुणीतरी ओरडलं, आटपा म्हणून. डॉक्टरांनी चिडून नाव सांगितलं. मी ते हमीदाभाभीकडून म्हणवून घेतलं. ती अडखळली. पुन्हा म्हणवून घेतलं. तिला स्वच्छ म्हणता येईपर्यंत डॉक्टर सुई वर धरून उभे होते.

मग मी हात काढला.