बिनआवाजाची गाडी

प्रेमनगरातून कचेरीत जाताना मला तो रोज दिसायचा. कारखान्यातून निवृत्त झालेल्या त्या फिटरने घरच्या घरी बॅटरीवर चालणारी, दोन माणसांची छोटी मोटार बनवली होती. तिला धूर नव्हता, इंजिनाचा आवाजही नव्हता. जवळून गेली की फक्त पैंजण वाजल्यासारखे वाटायचे. चाकाला बांधले असतील, असं मी धरून चाललो होतो. प्रत्येक वळणावर तो खाली उतरायचा, कोपऱ्यापलीकडे डोकावायचा आणि मगच गाडी पुढे घ्यायचा. लोक हसायचे. मीही हसलोय, खोटं कशाला सांगू.

एकदा दतिया गेटपाशी त्याने मला गाडीत बसवून घेतलं. मी विचारलं, "भैया, हर मोड़ पर उतरते क्यों हो?"

"पहले दिन गाड़ी पीछे ले रहा था," तो समोर बघतच म्हणाला. "बीवी गली में पापड़ सुखा रही थी, पीठ इधर थी. उसने सुना ही नहीं. उसी में चली गई."

मग हळूच म्हणालो, "इसीलिए पायल बाँधी है?"

त्याने गाडी थांबवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"आपको भी सुनाई देती है?"

गाडी उभी होती. पैंजण थांबले नव्हते.