सूर्यावर चालणारं आमचं घर

निवृत्त झाल्यावर मी पहिलं काम कोणतं केलं असेल, तर राहत्या घराचं लाइटचं कनेक्शन तोडून टाकलं.

बीडच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. सूर्य पृथ्वीपासून किती लांब आहे हे मला तोंडपाठ; त्यामुळे सोलरमधलं सगळं आपल्याला कळतं, असा माझा पक्का समज. पाटोद्याजवळ आमचं दोन एकर रान आणि रानात घर. छपरावर सोलरच्या प्लेटा बसवल्या, घरामागं ओढ्याच्या अंगाला भाजीपाला लावला आणि बायकोला जाहीर सांगितलं, "कुसुम, आजपासून ह्या घरात बाहेरून फक्त मीठ येणार!"

"आणि चहापत्ती?"

"गवती चहा लावलाय की!"

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की नापास पोरांचे बाप परवडले.

पण चाललं! सात-आठ महिने डोक्यावर पंखा गरगरत होता आणि ताटात रोज ताजी भाजी. गुडघ्यामुळे मला छपरावर चढता येत नव्हतं, ओढ्याकडे उतरता येत नव्हतं. (लांबून हिरवं दिसायचं. तेवढं मला पुरे होतं.) मी गावोगाव 'घरची वीज, घरचं अन्न' यावर भाषणं देत सुटलो.

ही कीर्ती चकलांब्याला माझ्या मेहुण्यांच्या कानावर गेली. आबासाहेब म्हणजे माजी सरपंच, माणूस रोखठोक. त्यांचा फोन आला, "दाजी, आमच्या वरच्या वस्तीवर लाईटच पोचंना. तुमचं बघून ठरवतो, सोलर घ्यायचं का न्हाई. चार माणसं घिऊन येतुय."

त्यांची चार माणसं दोन जीपांतून उतरली तेव्हा मोजली. बावीस निघाली!

पंगत बसली. भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, फ्लॉवरची भाजी. वर पंखे जोरात. मी पंगतीच्या मधोमध उभा राहिलो. "मंडळी, अंगावर येणारा हा वारा सूर्याचा! आणि ताटातलं सगळं ह्याच रानातलं!"

एक म्हातारबाबा घास थांबवून म्हणाले, "गुरुजी, ह्या उन्हाळ्यात फ्लावर आला तुमच्याकडं?"

"आला म्हणजे? लई आला!" मी म्हणालो. आत कुसुमच्या हातातून पळी पडली. मला वाटलं, कौतुकानं पडली असेल.

तेवढ्यात आबांचा एक माणूस फोटो काढायला छपरावर चढला होता, तो वरून ओरडला, "सर, प्लेटा कुठं हायेत?"

"अरे, तुझ्या पायापाशी!"

"पायापाशी कुरडया हायेत!"

"काय?"

"कुरडया! त्याच्या पल्याड सांडगे! अन् मिरच्या!" वर खुडबुड झाली. "घावल्या, घावल्या! मिरच्यांच्या खाली प्लेटा हायेत!"

पंगतीतले घास हातांतच थांबले. आबांनी सावकाश मान वर केली.

"दाजी, प्लेटांवर जर कुरडया हायेत, तर हा पंखा कशावर चाललाय?"

सगळ्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. आणि आमच्या डोळ्यांदेखत पंखा मंद झाला, दोनदा डुलला आणि थांबला.

बाहेरून आमचा शेजारी बिरू, मेंढरंवाला, धावत येत बोंबलत होता, "वैनी! वो वैनी! आज येळेच्या आधीच गावची लाईट गेली! सरांना लिंबाखाली धाडा!"

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज दुपारी एका ठरावीक वेळी कुसुम म्हणायची, "अहो, लिंबाखाली बसून भाषण लिहा, तिथं हवा चांगली हाय." आणि मी वही घेऊन जायचो! पाच-सहा महिने!

कुसुम पदराला हात पुसत बाहेर आली. लपवाछपवी संपल्याचा आनंदच तिच्या तोंडावर दिसत होता.

"बॅटरीतलं पाणी संपलंय म्हणून तुम्हाला तीनदा सांगितलं. 'भाषणानंतर बघू' म्हणालात. बॅटरी मेली. मग बिरूभाऊंच्या मीटरवरून वायर आणली, धान्याच्या कणगीमागून. प्लेटा नुसत्याच तापत होत्या, म्हणून वर वाळवण घातलं. खाली मेंढरं तोंड घालतात."

"आणि भाजी?" मी हळूच विचारलं.

"ती पण मेंढरांनीच खाल्ली. तुम्ही तेव्हा 'घरचं अन्न' वर बोलायला गेलता. तवापासून पाटोद्याच्या बाजारातून आणते."

"मग लांबून हिरवं दिसतं ते काय?"

"गाजर गवत," बिरू म्हणाला.

कोण आधी हसलं ते आठवत नाही, पण शेवटी पत्रावळीसुद्धा हलत होत्या! मला वाटलं, संपलं. माझी अब्रू गेली आणि ह्या लोकांची वस्ती माझ्यापायी अंधारात राहणार. पण म्हातारबाबांनी डोळे पुसत कुसुमला विचारलं, "बाई, पाणी वेळच्या वेळी घातलं अन् प्लेटा पुसल्या, तर चालतं का न्हाई?"

"चालतं की. पहिले दोन महिने चाललं होतं."

"मग झालं! घेऊ," म्हातारबाबा म्हणाले. माझ्या दोन तासांच्या भाषणानं जे जमलं नसतं, ते तिनं दोन वाक्यांत केलं.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रीनं आमची बॅटरी बदलली. महिनाभरानं आबा परत आले. मी टोपी घालून तयारच होतो. "दाजी, तुमी बसा," ते म्हणाले. "प्लेटा बसल्या, आता बायांना निगा शिकवायला आक्काला न्यायचंय. आठ दिवस."

कुसुम जीपमध्ये बसता बसता म्हणाली, "सगळं चालू हाय. तुम्ही कशाला हात लावू नका."

मी लावला नाही. घर खरोखर सूर्यावर चाललं! पण सूर्य भाकरी थापत नाही, हे भूगोलात कुठं दिलेलं नाही. दोन दिवस मी शेंगदाण्यावर काढले. तिसऱ्या दिवशी रिकामं ताट घेऊन बिरूच्या दारात उभा राहिलो.

बिरूनं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घरात हाक मारली, "अगं, दोन भाकरी जास्तीच्या टाक! सरांची लाईट चकलांब्याला गेलीय!"