तेलाच्या वाटेतली लाल पेस्ट

“काका, तुमचा पार्ट फेल झाला,” असं म्हणत वनितानं पिशवी माझ्या लेथजवळच्या टेबलावर ठेवली. हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. बत्तीस वर्षं सरकारी वर्कशॉपमध्ये टर्नर होतो मी. टर्नर म्हणजे लेथवर लोखंड फिरवून हव्या त्या मापात कापणारा. रिटायर झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये जुना लेथ टाकला. माझा पार्ट फेल झाला, असं इतक्या वर्षांत कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं.

“कोण म्हणते फेल झाला?”

तिनं मोबाइलवरचा व्हॉइस मेसेज ऐकवला. तो पार्ट इंजिनात बसवणाऱ्या कळमेश्वरच्या रमेश मिस्त्रीचा आवाज. “ताई, घरी बसून बनवलेले पार्ट असेच असतात. म्हाताऱ्याचं माप चुकलं. नवीन इंजिन घ्या.”

म्हाताऱ्याचं माप चुकलं! माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

आधीची गोष्ट सांगतो. वनिताची मिरची कांडपाची मशीन आहे. डिझेल इंजिनासकट ट्रॉलीवर बसवलेली. ती ट्रॉली घेऊन बाजाराच्या गावांमधून फिरते आणि लोकांचं वर्षाचं तिखट कुटून देते. सगळा धंदा उन्हाळ्याच्या दोन महिन्यांचा. मिरची वाळली की बायका थांबत नाहीत. एकदा एखादं घर दुसऱ्या कांडपावर गेलं, की पुढच्या वर्षीही तिकडेच जातं.

ऐन मोसमात तिचं इंजिन टकटक वाजायला लागलं. दुकानदार म्हणाला, “हा पार्ट आता येत नाही, इंजिन बदला.” हे एक फार सोपं झालंय आजकाल. पार्ट येत नाही म्हणजे इंजिन मेलं? गुडघा दुखतो म्हणून माणूस बदलता काय?

झिजला होता तो रॉकरचा बुश. रॉकर म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातला छोटा दांडा. तो सी-सॉसारखा खालीवर होतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. तो ज्या शाफ्टवर हलतो, तिथे मधे पितळेसारख्या धातूची नळी असते, तिला बुश म्हणतात. शाफ्ट पोकळ असतो. त्यातून तेल येतं आणि बुश ओला राहतो. वनिताचा बुश एका बाजूनं पार पातळ झाला होता, आणि शाफ्टवर नख अडकेल एवढी पायरी पडली होती.

मी शाफ्ट ग्राइंड करून सारखा केला. तो थोडा बारीक झाला, म्हणून त्याच्या मापाचा गनमेटलचा, म्हणजे त्याच पितळेसारख्या धातूचा, नवा बुश बनवला. बुशाचं तेलाचं भोक शाफ्टच्या भोकासमोर आणलं. दोघांत कागदाच्या निम्म्या जाडीएवढी फट ठेवली. दोन दिवस गेले, पण काम असं झालं की शाफ्ट बुशात आपल्या वजनानं हळूच उतरत होता.

तेव्हा वनिता म्हणाली होती, “काका, तुम्हीच येऊन बसवून द्या नं.”

मी म्हणालो, “मी टर्नर आहो वं. बसवायचं काम फिटरचं. मिस्त्रीले सांग, चालू करायच्या आधी वर तेल येते का ते पाहा म्हणा.”

आमच्या वर्कशॉपची ती रीतच होती. टर्नरनं फिटरच्या पान्याला हात लावायचा नाही, फिटरनं लेथला. समोर चुकीचं बसवत असला, तरी हात मागे बांधून उभं राहायचं. आपलं काम आपण चोख द्यायचं, पुढचं त्याचं तो जाणे. या गोष्टीचा मला अभिमान होता.

आणि तीन दिवसांत हा मेसेज.

पिशवीतून शाफ्ट काढला. त्यावर निळी झाक होती. म्हणजे तो तापला होता, म्हणजे तेल मिळालं नव्हतं. माप चुकलं म्हणे! शाफ्ट परत पिशवीत टाकला, बारीक माप मोजायचा मायक्रोमीटर खिशात घातला, स्कूटर काढली आणि वनिताच्या मागोमाग थेट कळमेश्वर गाठलं.

मशीन बंद, म्हणून तिच्या अंगणात कुटायची राहिलेली मिरचीची पोती भिंतीला लावून ठेवलेली. प्रत्येकावर चिठ्ठी, कोणत्या घरची ते लिहिलेलं. रमेश मिस्त्री इंजिनाजवळच उभा होता.

“काहून गा,” मी म्हणालो, “माप चुकलं म्हणून राहिला तू? हा घे मायक्रोमीटर. मोज.”

“काका, चिडता कायले? पार्ट नवीन होता अन् तीन दिवसांत गेला, मंग मी काय म्हणू?”

“वर तेल येते का पाहिलं होतं?”

“आता तेल तर येतेच नं बावा. इंजिन हाय ते.”

“हा ब्रॅकेट खोल.”

ब्रॅकेट म्हणजे शाफ्टला धरून ठेवणारा ठोकळा. खालून तेल त्याच्याच भोकातून वर जातं. मिस्त्रीनं कुरकुरत बोल्ट काढले आणि ब्रॅकेट उचलला. त्याच्या बुडाला लाल गॅस्केट पेस्ट थापलेली. पोळीला तूप लावतात तशी, सढळ हातानं. आणि तेलाच्या भोकात त्याच पेस्टचा वाळलेला बोळा.

मी तो तारेनं उपसून त्याच्या तळहातावर ठेवला. “हे काय हाय?”

“लीक नको व्हायला म्हणून मी सगळीकडेच लावतो काका.”

“अरे, इथे लोखंडावर लोखंड बसते! इथे पेस्ट लावतच नाही! तेलाची वाट तू बुजवली, अन् नाव माहं घेतलं? नाचता येईना, अंगण वाकडं!”

अजून बरंच बोललो. मिस्त्री मान खाली घालून ऐकत होता. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात वनिता म्हणाली, “काका, झालं काय तुमचं? पार्ट तुमचा बरोबर. बोल्ट यानं बरोबर कसले. दोघायनंही आपआपलं काम केलं. माह्या मिरच्या मात्र पोत्यातच हायेत. काल सात घरच्या बायका आपली पोती उचलून घेऊन गेल्या. तुम्ही त्या दिवशी आले असते, तर दिसलं नसतं काय तुम्हाले?”

दिसलं असतं. लाल पेस्ट दुरूनही दिसते.

शाफ्ट घेऊन घरी आलो. पुन्हा ग्राइंड केला, पुन्हा बुश बनवला. काम होताच कळमेश्वरला जाऊन पाना स्वतः हातात घेतला. माझा हात बोल्टवर अवघडत होता, तर रमेशनंच दुसऱ्या बाजूनं धरलं. झाकण उघडं ठेवून इंजिन हँडलनं फिरवलं. बुशाच्या कडेला तेलाचा थेंब आला, मग दुसरा. तेव्हाच झाकण लावलं. इंजिन चालू झालं, टकटक बंद. वनितानं लगेच पहिलं पोतं सोडलं. ठसक्यानं आम्ही दोघंही अंगणाबाहेर पळालो.

आता शेडमधून पार्ट गेला की मीही त्याच्यासोबत जातो. मिस्त्री लोकांना ते आवडत नाही, त्यांचंही बरोबर आहे. पण वर तेल आलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी काम झालं म्हणत नाही. माझं माप चुकलं नव्हतं, हे आजही ठासून सांगतो. ती सात घरं मात्र अजून परत आलेली नाहीत.