पुंगळ्यांवर टाकलेलं नाव

आमच्या घरात रायफल बायको चालवते आणि पुंगळ्या मी वेचतो. अख्ख्या लाखनीला हे ठाऊक आहे. माझ्या स्टेशनरीच्या दुकानात पेन घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही आधी "वैनीची प्रॅक्टिस कशी सुरू आहे" हे विचारतं, पेनाचा भाव नंतर.

करडीला, तिच्या माहेरी, वडिलांकडे धानात घुसणारी रानडुकरं हाकायला परवान्याची बंदूक होती. निशाणा तिथून आलेला. आता भंडाऱ्याजवळच्या एका क्लबात ती स्पर्धेची रायफल खेळते. नव्या गोळ्या सहजी मिळत नाहीत, म्हणून उडालेल्या गोळीचं पितळी कवच, म्हणजे पुंगळी, जपून ठेवायची. क्लबातले रिटायर सुभेदार परवान्यानुसार ती पुन्हा भरून देतात. पण पुंगळी काही जन्मभर पुरत नाही. दर खेपेला पितळ ताणलं जातं, थकतं. कोणती किती वेळा उडाली हे ठाऊक असावं लागतं, आणि तो हिशेब ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

दुकान घरचं, स्केचपेनांना तोटा नाही. एकदा उडाली की बुडाला हिरवा ठिपका, दुसऱ्यांदा निळा, मग लाल. मला माझंच कौतुक वाटत होतं. त्या भरात मी राईस मिलमधून धानाचा कोंडा आणला, जुन्या कूलरच्या मोटरवर प्लास्टिकचा डबा बसवला आणि पुंगळ्या कोंड्यात घालून दिवसभर फिरवल्या. संध्याकाळी त्या समईसारख्या लखलखीत निघाल्या. ठिपके कोंड्याबरोबर गेले होते.

बायकोनं एक पुंगळी उजेडात धरून पाहिली. "स्केचपेनचा रंग निघते, हे गिऱ्हाइकाले सांगता. सोताले सांगाचं राहिलं वाटते."

निवड स्पर्धा तोंडावर आली होती. आता खूण करायची ती कायमची, असं मी ठरवलं. आमच्या घरातल्या पाण्याच्या पितळी गुंडावर आजोबांचं नाव आहे. किती वर्षं चिंचेनं घासला, एक अक्षर गेलं नाही. मग काय, परवान्याची झेरॉक्स खिशात, पुंगळ्या पिशवीत, आणि मी एसटीनं भंडाऱ्याच्या भांडे बाजारात. बायकोला सांगितलं नाही. तिला चकित करायचं होतं.

भांड्यांवर नाव टाकणाऱ्यानं पुंगळी फिरवून फिरवून पाहिली. "भाऊ, पोलीस तर नाही येणार ना मांगून?"

मी झेरॉक्स दाखवली. त्यानं ती वाचली नाही, पण शिक्का पाहून मशीन सुरू केलं. "नाव कोणाचं टाकू?"

खरं तर तिथं फक्त रेघा मारून घ्यायच्या होत्या. एकदा उडाली, एक रेघ. पण नाव कोणाचं असं कोणी विचारलं की माणसाची छाती फुगते. मी म्हटलं, आडनाव टाक. त्यानं सवयीनं पहिल्या पुंगळीवर आधी 'सप्रेम' टाकून ठेवलं, तेव्हा मी त्याला थांबवलं. पुढच्या बऱ्याच पुंगळ्यांवर आमचं आडनाव सुबक उमटलं. मग लाईट गेली. बाकीच्या उद्या आणा, तो म्हणाला. मी वीज मंडळाला शिव्या घालत परतलो.

रविवारी क्लबात बायकोच्या देखत मी पिशवी सुभेदारांपुढे ओतली. त्यांनी नखानं एक अक्षर चाचपलं.

"भाऊ, लग्नात वाटाच्या आहेत का ह्या?"

"हरवू नये म्हणून..."

"गोळी उडते तवा हे पितळ फुगते. मशीनची सुई जिथून गेली तिथून फाटू शकते. अन् वैनीचा गाल रायफलीले टेकलेला असते."

मी तिच्या गालाकडे पाहिलं.

सुभेदारांनी नावाच्या सगळ्या पुंगळ्या बाजूला काढल्या. त्या बाद. बायकोनं त्यातली एक उचलून वाचली. मग म्हणाली, "बरं, नाव तरी माह्यं टाकाचं होतं. तेही सोताचंच टाकलं."

उरल्या त्या लाईट गेल्यामुळे वाचलेल्या. त्यांचं वय कोणालाच ठाऊक नव्हतं. सुभेदारांनी टोक वाकवलेली तार तिच्या हाती दिली आणि ती एकेक पुंगळी आतून चाचपू लागली. पितळ थकलं की बुडाजवळ आतून बारीक खाच पडते, तारेला ती अडते. शंका आली ती बाद. पास झाल्या त्या स्पर्धेपुरत्या, सरावाला एकही नाही.

म्हणून ती घरीच, गच्चीवर रिकामी रायफल घेऊन, भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून पडून राहायची. ठिपका मी काढून दिला होता, हिरव्या स्केचपेनचा. माझ्याकडे तेवढंच काम उरलं होतं. पुंगळ्यांना हात लावायचा नाही, असा हुकूम होता. त्यांच्यासाठी तिनं जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्या. तिच्या माहेरी बियाण्याचं धान असंच ठेवतात, एका जातीचं एका पिशवीत, मिसळू द्यायचं नाही. आता एका पिशवीतल्या पुंगळ्या सगळ्या एकदमच भरायच्या, एकदमच उडवायच्या, आणि दर खेपेला पिशवीच्या दोरीला एक गाठ.

स्पर्धेच्या दिवशी मी मागे बसलो होतो. पुंगळी पडल्याचा आवाज आला की माझा जीव भांड्यात पडायचा, आणि तिनं पुढची गोळी भरली की पुन्हा बाहेर यायचा. एकही फाटली नाही. बायकोची निवड झाली, शेवटच्या जागेवर. जागा ती जागा. राज्याच्या स्पर्धेला जायचं आहे.

रायफल पेटीत ठेवून ती आली आणि तिनं पुंगळ्यांची पिशवी माझ्या मांडीवर टाकली. गरम होती अजून.

"घ्या. गाठ मारा."

"मी?"

सुभेदार शेजारीच चहा पीत होते. "मारता येते ना, भाऊ? का त्यालेही मशीन लागते?"

मी गाठ मारली. तिनं ती ओढून पाहिली, आणि दुसरी पिशवीही माझ्याकडे दिली.