अर्ध्या-अर्ध्या गोळ्या

परवा सकाळी बाळापुरात घरी अंथरूण काढत होते, तर माझ्या उशीखालून कागदात गुंडाळलेल्या कॅप्सूल निघाल्या. आमच्या ह्यांच्या होत्या... छातीत कफ झाला म्हणून डॉक्टरांनी आदल्याच दिवशी दिलेल्या. तिथंच खाटेवर बसून राहिले.

काहून, ते सांगते. पंचाहत्तरी गाठली, आता कुणाची लाज धरू? ज्यांना वाचून कसंतरी होईल त्यांनी खुशाल पुढं जावं.

आणीबाणीचे दिवस होते. माझं नवीन नवीन लग्न झालेलं. हे ट्रकवर ड्रायव्हर, वसमतची हळद भरून सांगलीला जायचे. एका खेपेहून आले ते लघवीला आग होते म्हणून तळमळतच आले. परमा झाला होता... बाहेरच्या बाईकडून येतो तो रोग. मला मात्र उन्हाळी लागली म्हणून सांगितलं, अन् मी येडी त्यांना धण्याचं पाणी करून देत बसले.

सरकारी दवाखान्यात गेलं की धरून नसबंदी करतात, अशी हूल उठली होती. आमचं तर अजून एकसुद्धा लेकरू व्हायचं होतं. मग हे बाजारात बसणाऱ्या एका सुईवाल्याकडं गेले. त्यानं एक सुई टोचली अन् पुडीत कॅप्सूल बांधून दिल्या.

आग थांबली की ह्यांच्या गोळ्याही थांबल्या. उरलेल्या माझ्या हातावर ठेवल्या. "तुझं बी ओटीपोट दुखून राहिलं ना? घे ह्या. मला लई बराबर लागू पडल्या."

काय सांगू, किती बरं वाटलं मला! त्या काळी बायकोला दुखतंय का म्हणून विचारायचं तरी कोण? ह्यांना वाटेत पेरू मिळाला तरी अर्धा रुमालात बांधून आणायचे. गोळ्याही तशाच आणल्या... मी कौतुकानं गिळल्या.

मग हे सुरूच झालं. सांगलीची खेप, आग, बाजारातला सुईवाला, अर्ध्या त्यांना अन् अर्ध्या मला. पुढं पुढं गोळ्यांनी काही फरकच पडेना. सुईवाला म्हणायचा, माल नकली येऊन राहिला.

इकडं माझी कूस काही उजवेना. सासूबाई ओट्यावर बसून चारचौघींत म्हणायच्या, "सरकार माणसं धरून धरून ऑपरेशन करून राहिलं. आमच्या सुनेपायी सरकारला तेवढीबी तकलीफ न्हाई!" बायका हसायच्या, मीही हसायचे... अन् न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडायचे.

आणीबाणी उठली तेव्हा कुठं हे मला नांदेडला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, मग ह्यांना आत बोलावून खोदून खोदून विचारलं. तेव्हा सगळं बाहेर आलं. बाई म्हणाल्या, "रोग दोघांनाही आहे. अर्धवट औषधानं जंतू मेले नाहीत, उलट निबर झाले. आता त्या गोळ्यांना ते दाद देत नाहीत."

निबर... आमच्याकडं जून झालेल्या भेंडीला म्हणतात, शिजता शिजत नाही ती.

बाईंनी दुसऱ्या जातीच्या सुया दिल्या, त्यांनी रोग गेला. मी विचारलं, "बाई, आता लेकरू होईल ना?" त्यांनी माझा हात धरला. "तुझ्या गर्भाच्या नळ्या कायमच्या बंद झाल्यात गं."

परतीच्या एसटीत हे हळूच म्हणाले, "मी तर तुला अर्ध्या दिल्या व्हत्या..." खरंच कळत नव्हतं हो त्यांना!

बाहेरच्या बाईचा राग मी भांडून काढला. माहेरी कुरुंद्याला जाऊन बसले, शिव्याशाप दिले, अन् शेवटी परत आले. पण त्या गोळ्यांचं काय करू? मायेनं दिल्या, मायेनं घेतल्या. ते भांडण कुणाशी भांडायचं? पन्नास वर्षं झाली, अजून उमजलं नाही.

आता ह्यांना काहीच आठवत नाही. नांदेड नाही, डॉक्टरीणबाई नाहीत, कधी कधी माझं नावही नाही. परवा ती पुडी त्यांच्यापुढं धरून विचारलं, "ह्या काहून ठेवल्या?"

"रात्री खोकत व्हतीस ना तू," ते म्हणाले. "तुझ्यासाठी अर्ध्या ठेवल्या."

माझ्या डोळ्यांना धारच लागली. तशीच पाणी घेऊन आले अन् त्यांच्या हातावर एक गोळी ठेवली. "सगळ्या तुमीच घ्यायच्या, संपेस्तोवर. मला एकबी नको." तर हे रुसून भिंतीकडं तोंड करून बसले.

बाबांनो, औषध वाटून खाऊ नका रे... नवरा-बायकोतसुद्धा नाही. हे समजावून सांगायला आमच्या घरात तिसरं कुणी नाही, म्हणून इथं लिहिलं.