दप्तर भरणारा बाप

“थांबा हं, एकदा बघून घेतो,” असं म्हणत तो लेकीच्या दप्तराची चेन पुन्हा उघडायचा. शाळेची व्हॅन फाटकाशी हॉर्न वाजवतेय आणि हा फुटपाथवर गुडघे टेकून दप्तरात डोकं खुपसून बसलाय, हे आमच्या सोसायटीचं रोजचं दृश्य. तुमच्याही इमारतीत असेल असा एखादा.

तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. हिंजवडीत दुपारची पाळी. बायको पहाटेच हॉस्पिटलच्या ड्यूटीवर जायची, त्यामुळे सकाळ याच्याकडे. स्वतःचा लॅपटॉप विसरून हा अर्ध्या वाटेतून परत आलेला मी पाहिलाय. लेकीचं मात्र काही विसरायचा नाही.

लेक स्वमग्न. बोलत नसे, पण समजायचं सगळं. गोंगाट सहन व्हायचा नाही, म्हणून कानांवर लावायचे मोठे निळे हेडफोन. दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात चित्रांची कार्डं: पाणी, शू, नको. जे हवं ते कार्ड ती पुढे करायची. तळाशी कपड्यांचा जादा जोड.

“एवढं सामान? परदेशी निघालीय की काय?” एकदा कुणीतरी विचारलं.

“नाही हो, शाळेत. ती त्याहून लांब आहे,” तो म्हणाला. आम्ही हसलो. तोही हसला.

मग शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम सुरू झाली. ढोल-ताशे आले, आणि नेमक्या त्याच दिवशी बाईंनी हेडफोन आणि कार्डं काढून कपाटात ठेवली. कारण काय, तर खेळणी चालत नाहीत! दुपारी तो कामावर निघायच्या आधी पोर व्हॅनमधून उतरली ती ओल्या गणवेशात. त्याने तिथेच दप्तर उघडलं. जादा कपड्यांची घडी जशीच्या तशी होती. कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

“काकू, उद्या शाळेत याल माझ्याबरोबर? एकट्याचं ऐकत नाहीत.”

मी गेले. मुख्याध्यापिकांनी आम्हाला बसा म्हटलं नाही.

“मॅडम, कार्ड काढून घेतलंत, मग तिनं शू लागली हे सांगायचं कसं?” त्याने शांतपणे विचारलं.

“अहो, आम्हाला सगळा वर्ग सांभाळायचा असतो. आपण तिला अशा मुलांच्या शाळेत का नाही घालत?”

“शाळेतच घातलीय. ही शाळाच आहे ना?”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. चुकलं, असा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तो मात्र कपाटातल्या वस्तू मागून घेऊन, त्या एकेक पुसत दप्तरात भरत राहिला.

वर्ष संपल्यावर शाळेने कळवलं, पुढच्या वर्गात जागा नाही. जागा नाही! त्याच आठवड्यात नव्या प्रवेशांचा फ्लेक्स शाळेच्या भिंतीवर झळकत होता.

ते साताऱ्याला गेले, बायकोच्या माहेरी. नोकरी त्याने घरून करायची ठरवली. जूनमध्ये त्याचा फोन आला.

“काकू, इथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, दप्तरात काय काय आहे, कधी काय लागतं, मला दाखवाल का?”

एवढंच विचारायचं होतं हो. दोन मिनिटांचं काम. पुण्यातल्या एवढ्या मोठ्या शाळेत ते एकालाही सुचू नये?

वरच्या फ्लॅटला अजून कुलूप आहे.